पाळण्याआधीचे भाषण

एका बारशात मी सर्वांपेक्षा मोठ्याने हसलो होतो. एरवी माझा आवाज इतका लहान, की ऑफिसात साहेब माझे प्रत्येक वाक्य दुसऱ्यांदा विचारत. पण त्या दिवशी माजरीच्या आमच्या खाण-कॉलनीत दौलतभाऊ बोलायला उभे राहिले आणि माझे हसणे मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. त्या मांडवात हसण्याचा हक्क इतर कोणाला असेल तर असो. मला तो नव्हता. का नव्हता, हे मी पुढे अनेक वर्षे दडवून ठेवले. जिला ते सर्वांत आधी सांगायला हवे होते, तिच्यापासून तर अधिक काळजीपूर्वक दडवले. ते सांगायचे तर आधी दौलतभाऊंची ओळख करून द्यायला हवी.

बारशाची वेळ झाली की दौलतभाऊ सायकल ढकलत येत. कॅरिअरवर सागवानी पाळणा आडवा बांधलेला असे आणि मागे, एक हात पाळण्यावर ठेवून, त्यांची पत्नी पारबताबाई चालत येई. पाळणा उतरवून ते आकड्याला साखळ्या लावत, स्वतःच्या दोन्ही हातांनी लोंबकळून आकडा सोसतो की नाही ते पाहत, हात पुसत, आणि बायका पाळणा म्हणण्यासाठी घसा साफ करू लागल्या की ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा उभा करत.

"थांबा बायांनो! गाणं मंग. पहिले मले बोलाचं हाये."

त्यानंतरचे भाषण ठरलेले होते.

"हे मायी बायको, पारबता. लगन होऊन इतके वर्स झाले, लेकरू नाई झालं. लोकं तिले काय काय बोलले थे तुमाले मालूम हाये, काऊन का त्यातले अर्धे इथीच बसले हायेत. तं आयका. दोष तिचा नाई. दोष माया हाये. नस फुगली होती मायी. डाव्या बाजूची. कोणाले संशय असंल तं नागपूरच्या डॉक्टरले जाऊन विचारा. पारबता, चाल, दोरी बांध."

बायका पदर तोंडात कोंबत. पुरुष मांडवाच्या कापडावरची नक्षी नव्याने पाहू लागत. पारबताबाई खाली मान घालून पाळण्याला दोरी बांधी आणि पहिला झोका देई. मग दौलतभाऊ शांतपणे घुगऱ्या खायला बसत.

असा माणूस बोलवायचा तरी कशाला, असे वाचकांना वाटेल. कारण पाळणा त्यांचा होता. तसा पाळणा कॉलनीतच काय, भद्रावतीपर्यंत नव्हता. भाड्याने मिळणारे पाळणे कुरकुरत. हा हलला तरी कळत नसे. चारही कोपऱ्यांवर चार राघू, गज खराट्याच्या काडीसारखे सरळ. भाडे काही नाही. अट एकच: पहिली दोरी पारबताबाई बांधणार. आणि ती त्यांनी का बांधायची, हे दौलतभाऊ आधी सांगणार. पाळणा हवा असेल तर भाषण सोसावे लागे. हा पाळणा आला कुठून, असे कोणी विचारले तर मात्र स्वतःच्या नसांचे वर्तमान एसटीच्या कंडक्टरलासुद्धा देणारा हा गृहस्थ "होतं लाकूड पडलं" एवढेच म्हणे.

दौलतभाऊ मूळचे चामोर्शीकडचे. तळ्यात मासे धरणाऱ्या घरातले. आमच्या उघड्या खाणीत ते पंप खलाशी होते. खाणीच्या तळाशी साचणारे पाणी उपसणाऱ्या पंपांपाशी आयुष्य गेल्यामुळे हळू बोलणे त्यांना माहीतच नव्हते. शेजारी बसून "मीठ द्या" म्हणाले तरी पंगतीतल्या शेवटच्या माणसाचा हात मिठाकडे जाई. आपल्या दुखण्याचे आकलनही त्यांनी पंपावरूनच करून घेतले होते, आणि कोणी ऐको न ऐको, ते समजावून देत.

"पंप बंद केला तरी पाण्यानं पाइपात वरच राहाले पाहिजे, होय का नाई? व्हॉल खराब असला का पाणी उलटं खाली येते. तसंच हे. नसंतलं रगत वर चढाचं, थे उलटं खाली आलं अन् साचलं. साचलं का तपते. तपलं का गंज धरते. डॉक्टरनं त्याले इंग्रजीत नाव सांगतलं, आक्सीडेटी स्ट्रेस. म्हंजे गंजच! बीजाले गंज. अर्धं बीज मेलेलं, अर्धं लंगडं. आता लंगडं बीज कुठी पोचते? अन् न पोचल्याचा दोष बाईले!"

शेवटचे वाक्य येईपर्यंत त्यांचा आवाज पंपाच्या वर गेलेला असे.

गंजाविरुद्धचे त्यांचे युद्ध ऑपरेशननंतरही थांबले नाही. डॉक्टरांनी आंबट फळे आणि काही जीवनसत्त्वाच्या गोळ्या सांगितल्या होत्या. दौलतभाऊंनी त्यावर स्वतःची संहिता रचली. खिशात सदैव आवळे. कामावर डब्यात भाकरीइतकेच टोमॅटो. भर थंडीत गार पाण्याने अंघोळ. चूल आणि जाळ यांच्यापासून पुरुषाने चार हात दूर बसावे, म्हणून स्वयंपाकात मदत करायची झाली तर ते भाज्या अंगणात चिरत. कॉलनीतल्या टेलरशी त्यांचे जन्माचे वैर होते. तरुण पोरांना आवळ पँटी शिवून देणाऱ्या त्या गरीब माणसाच्या दुकानासमोर उभे राहून ते ओरडत, "खानदान बुडवून राह्यला तू लोकायचं! कापड वाचवते का रे?"

एका वरातीत त्यांनी नवरदेवाचा घोडा अडवला होता. वरपक्षाला वाटले, मानपान राहिला. दौलतभाऊ नवरदेवाच्या चुडीदाराकडे बोट दाखवून म्हणाले, "हे पहिले ढिल्लं करा, मंग लगन करा." मुलीच्या बापाने हात जोडले, तेव्हा ते बाजूला झाले, पण जाता जाता नवरदेवाच्या हातात आवळा ठेवायला विसरले नाहीत.

लोक हसत. मीही हसे. आज त्या हसण्याचा मला संताप येतो, कारण त्या माणसाला हे वेड कसे लागले, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

आमच्या भागात हत्तीरोग फार. पाय सुजलेले, अंडवृद्धी झालेले पुरुष गावोगाव. त्यामुळे धोतराच्या आत काहीही सुजले की निदान तयार असे: हत्तीरोग. दौलतभाऊंना डाव्या बाजूला सूज आली, संध्याकाळपर्यंत ओढ लागू लागली, तेव्हा ते उठून रक्त तपासणाऱ्यांकडे गेले आणि मिळाल्या त्या गोळ्या गिळून आले. दरवर्षी गिळल्या. ताप येई, मळमळे. सूज होती तेथेच. आणि इकडे लेकरू होत नव्हते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकेल, असे घरात कोणाच्या डोक्यात आले नाही. सूज हत्तीरोगवाल्यांच्या वाट्याला गेली आणि निपुत्रिकपण पारबताबाईंच्या. किती सोयीची वाटणी! पुरुषाच्या अंगातली गाठ म्हणजे आजार, आणि बाईच्या रिकाम्या ओटीला मात्र नाव दोषाचे.

पारबताबाईंना भामरागडच्या जंगलातून आणलेल्या मुळ्या उगाळून पाजल्या गेल्या. मार्कंड्याच्या जत्रेत ओल्या लुगड्याने प्रदक्षिणा घालायला लावल्या. सासूने कोणाच्या तरी सांगण्यावरून पोटावर बिब्ब्याचे चटके दिले. ओटी भरायला तिला कोणी बोलवत नसे, बारशात पाळण्याजवळ उभी राहू देत नसत. पुढे दौलतभाऊंनी खाणीच्या दवाखान्यातल्या एका नव्या डॉक्टरला सूज दाखवली. त्याने त्यांना उभे करून खोकायला लावले, मग आडवे झोपवले. झोपताच सूज विरली. तो म्हणाला, हा हत्तीरोग नाही. नसा फुगल्यात, नागपूरला जा. नागपूरच्या डॉक्टरांनी बीज तपासले आणि दौलतभाऊंनी ऑपरेशन करवून घेतले.

परतल्यावर त्यांनी पारबताबाईंच्या पोटावरचे बिब्ब्याचे काळे डाग पुन्हा पाहिले. त्या दिवसापासून या माणसाचा आवाज जो चढला, तो उतरला नाही.

आता माझे.

त्या पहिल्या भाषणाच्या वेळी "डाव्या बाजूची" हे शब्द कानावर पडले आणि मी हसलो, ते भीतीने. डावी बाजू, संध्याकाळची ओढ, आडवे होताच ओसरणारी सूज: हे सारे माझेच वर्णन होते. माझ्याही लग्नाला बरीच वर्षे झाली होती. माझी पत्नी सुमन हिच्या ओटीकडेही लोक तसेच पाहू लागले होते. पुढच्या आठवड्यात ऑफिसचे काम सांगून मी नागपूरला गेलो. डॉक्टरांनी तेच सांगितले: नस फुगली आहे, बीज कमी आहे, त्याची हालचाल मंद आहे. ऑपरेशनने बीज सुधारण्याचा संभव आहे, मूल होईलच असे वचन मात्र देता येत नाही. पण उशीर करू नका.

मी उशीर केला. उशीर हा शब्दही सभ्य आहे. मी ते केलेच नाही. रजा काढावी लागेल, लोक विचारतील, आणि कॉलनीत दुसरा दौलतभाऊ झाला म्हणून हसतील, या भयाने मी घरी येऊन सुमनला म्हणालो, "मी तपासून घेतले. माझे सगळे ठीक आहे."

त्या एका वाक्याने तिच्या तपासण्या सुरू झाल्या. गर्भाशयात औषध सोडून नळ्यांचे फोटो काढले, तेव्हा ती आतून ओरडली. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला सर्व ठाऊक होते, आणि मी त्या बाकावर बसून वर्तमानपत्राची घडी नीट करत होतो. बाहेर आल्यावर तिने मलाच विचारले, "तुम्ही जेवलात का?" माझी आई तिच्यामागे उपासांची एकेक भर घालत गेली. सुमनने हळूहळू बारशांना जाणे सोडले. त्या दिवशी तिचे डोके दुखे. मी बामची बाटली आणून देई आणि स्वतःला प्रेमळ नवरा समजे.

आणि राग? तो मला दौलतभाऊंचा येई. त्यांचा प्रत्येक शब्द मला असभ्य वाटे. मी तेव्हा कॉलनीच्या कल्याण समितीचा चिटणीस होतो. दोन-तीन घरांतून तक्रार आली आणि मी अत्यंत शुद्ध भाषेत एक नोटीस लिहिली: समारंभप्रसंगी अशोभनीय शारीरिक उल्लेख टाळावेत. दौलतभाऊ ती हातात घेऊन माझ्या ऑफिसच्या खिडकीशी आले.

"बाबू, अशोभनीय म्हंजे काय?"

"चारचौघांत शोभत नाही असे."

"बाईले वांझोटी म्हणाचं, थे शोभते?"

"तेही शोभत नाही."

"मंग त्याची नोटीस कुठी हाये?" त्यांनी खिडकीतून डोके आत घालून माझ्या टेबलावर शोधल्यासारखे पाहिले. "थे बी लावा. दोन्ही संगंसंगं लावा. मी गुमान बसतो."

सारे ऑफिस थांबून ऐकत होते. मी हळू आवाजात म्हणालो, "भाऊ, हे घरात बोलायचे विषय आहेत."

"दोष चौकात देल्ला, बाबू. अन् माफी का सयपाकघरात मागू?"

नोटीस त्यांनी घडी करून खिशात टाकली. पुढे समजले, पंपाचा एक जोड गळत होता, त्याला त्यांनी तिची पॅकिंग कापून बसवली. "बाबूचा कागद चांगला जाड हाये," असे प्रशस्तिपत्रही दिले.

वर्षे गेली. दौलतभाऊंना ऑपरेशननंतरही मूल झाले नाही. भाषण चालूच राहिले. माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला आणि आईने हट्ट धरला, बारसे आपल्याकडे, माजरीलाच करायचे. आणि पाळणा हवा तर तो राघूंचाच. तेव्हा नोटीस लिहिणारा मी, पाळणा मागायला त्यांच्या घरी गेलो.

दौलतभाऊ कामावरून यायचे होते. पारबताबाई अंगणात मोहफुले वाळत घालत होती. घरात, आढ्याच्या वाशाला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पाळणा टांगलेला होता. लुगड्याच्या फटीतून तेल दिलेले लाकूड चमकत होते. मी म्हणालो, "फार जपता तुम्ही पाळण्याला."

"मी नाई बापा. हेच जपते. दर महिन्याले तेल देते." ती थोडा वेळ फुले पसरत राहिली. "यायनंच केला ना थो."

"दौलतभाऊंनी? ते तर म्हणतात, लाकूड पडले होते."

"लाकूड कुठचं पडलं! मामाच्या गावावरून बैलगाडीत आणलं." ती हसली. "आपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणे, तीन महिने थांबा, नवं बीज तयार होवाले तेवढे दिवस लागते. हे घरी आले अन् दुसऱ्याच दिवशी रंधा घेऊन बसले. मी म्हटलं, अवो, पहिले लेकरू तं होऊ द्या. म्हणे, लेकरू आल्यावर का मी सुतारकाम करत बसू? राघू कोरले. बोटं कापून घेतले. तीन महिन्यांत पाळणा झाला तयार."

तिने फुलांतून एक काडी वेचून बाहेर टाकली.

"मंग लय दिवस तसाच होता. मी म्हटलं, इकून टाका. तं म्हणे, नाई, लेकरं झोपले पाहिजे त्याच्यात. कोणाचेई झोपो. तवापासून वाटत फिरते. कोणाले सांगू नका बाबू. हे सांगत नाई कोणाले."

सारी लाज चव्हाट्यावर मांडणाऱ्या त्या माणसाने एवढी एकच गोष्ट लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. मी आढ्याकडे पाहत राहिलो. मला त्या क्षणी वाटले, की सभ्य माणसे त्या घरात राहत होती आणि अश्लील मी होतो.

तेवढ्यात सायकल वाजली. "बाबू! शेवटी आले म्हणा!" अंगणापलीकडच्या तीन क्वार्टरांना माझे आगमन कळले. "पाळणा नेजा. पण भाषण करीन बरं! पुन्हा नोटीस काढसान तं पॅकिंग पाहिजेच हाये मले."

"करा भाऊ," मी म्हणालो.

बारशाच्या दिवशी सकाळपासून सुमनने सर्व केले. घुगऱ्या शिजवल्या, रांगोळी काढली, बाळाच्या कानाला लावायचे तेल कोमट केले. डोके दुखते म्हणण्याची सोय नव्हती. घर तिचेच होते. दुपारी बायका जमल्या. दौलतभाऊ आले, आकड्याला लोंबकळून झाले, साखळ्या लागल्या. बाळाला आणले, तशी आई अगदी सहज म्हणाली, "सुमन, तू आत घुगऱ्यांकडे बघ हो जरा. इथे नको थांबूस."

घुगऱ्या केव्हाच शिजल्या होत्या. ते सर्वांनाच दिसत होते. सुमन वळली आणि आत गेली, आणि त्या वळण्यात इतका सराव होता, की पाहुण्यांपैकी एकीचेही बोलणे थांबले नाही.

दौलतभाऊंनी पंजा उभा केला. "थांबा बायांनो! गाणं मंग..."

"भाऊ," मी उभा राहिलो, "आज आधी मी बोलतो."

त्यांचा पंजा हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, आणि मला वाटते, त्यांना तेथेच सर्व कळले. स्वतःचे भाषण न करताच ते खाली बसले. असे ते कधीच करत नसत.

"आई, सुमनला बाहेर बोलव."

"अरे मनोहर, मुहूर्त..."

"बोलव."

सुमन दारात आली. हातात घुगऱ्यांची पळी होती, आणि चेहऱ्यावर प्रश्न, की आता आणखी काय चुकले. घरात एकांती तिला सांगता आले असते. ते मी रोज टाळत आलो होतो, आणि आता ते पुरेसेही नव्हते. नुकतेच सर्वांसमोर तिला आत पाठवले गेले होते. मी बोललो. काय बोललो ते मला ठाऊक आहे, पण माझा आवाज नेहमीचाच निघाला असावा. पुढच्या दोन बायकांनी फक्त माना वर केल्या. मागे कोणीतरी "काय म्हणतात हो?" असे विचारत होते. सुमनलाही ऐकू गेले नव्हते.

"जोरानं बोला ना, बाबू!" कोपऱ्यातून दौलतभाऊ ओरडले. "मागच्या बायांले आयकू नाई येऊन राह्यलं!"

मग त्या पहिल्या बारशात जितक्या मोठ्याने हसलो होतो, तितक्याच मोठ्याने मी म्हणालो:

"दोष सुमनचा नाही. दोष माझा आहे. नस फुगली आहे माझी, डाव्या बाजूची. मला डॉक्टरांनी सांगितले होते आणि मी घरी खोटे बोललो. हिच्या तपासण्या होऊ दिल्या, हिचे उपास होऊ दिले, आणि हिला आत पाठवले जाताना पाहत राहिलो. सुमन, मी तुझा अपराधी आहे. मला क्षमा कर."